आतड्यांचा दाहक आजार आणि गरोदरपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोन्स डिसीज किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्या बाईला दिवस राहिले की बहुतेक वेळा सगळ्यात आधी थांबतात त्या गोळ्या. डॉक्टरांनी सांगितलेलं नसतं. पोटात बाळ असताना औषधांचा मारा कशाला, असं वाटतं आणि डबी कपाटात जाते. खालचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून त्या डबीपाशीच येतात, म्हणून त्या भागाला इथे जास्त जागा दिली आहे.

या दोन्ही आजारांना मिळून आयबीडी म्हणतात. नाव सारखं वाटलं तरी आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) हा वेगळा त्रास आहे. त्यात आतड्याला सूज किंवा जखमा नसतात. तुमचं निदान आयबीएसचं असेल तर इथली औषधांची चर्चा तुम्हाला लागू नाही.

मला आयबीडी आहे. मला मूल होऊ शकेल का?

हो. आजार शांत असेल आणि पोटाचं मोठं ऑपरेशन झालेलं नसेल, तर दिवस राहण्याची शक्यता इतर बायकांइतकीच असते. अडचण येते ती मुख्यतः दोन परिस्थितींत. एक, आजार उफाळलेला असताना, विशेषतः क्रोन्समध्ये. दुसरी, मोठं आतडं काढून लहान आतड्याचा पाऊच, म्हणजे पोटाच्या आत जोडलेली पिशवी, बसवलेला असेल तेव्हा. या ऑपरेशननंतर ओटीपोटात आतल्या आत चिकटपणा येतो आणि बीजवाहिन्या त्यात अडकू शकतात. दुर्बिणीतून केलेल्या ऑपरेशनात हा त्रास कमी होतो. पाऊच असेल तर वर्षभर वाट बघत बसू नका. सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर वंध्यत्वतज्ज्ञांना भेटा. आयव्हीएफचा मार्ग आयबीडीमुळे बंद होत नाही.

आजार नवऱ्याला असेल आणि तो सल्फासालाझिन घेत असेल, तर त्याने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होते. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत ती पूर्ववत होते. ही साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे काही जोडपी बाईच्याच तपासण्या करत राहतात.

प्रयत्न कधी सुरू करावेत?

स्टिरॉइडशिवाय आजार निदान तीन ते सहा महिने शांत राहिल्यावर. या मुदतीमागचं कारण समजून घ्या. शांत अवस्थेत दिवस राहिले तर पुढच्या काळात आजार उफाळण्याची शक्यता साधारण तीनात एक असते. आयबीडी असलेल्या पण गरोदर नसलेल्या बाईलाही तेवढीच असते. मात्र आजार भडकलेला असताना दिवस राहिले, तर ढोबळमानाने एक तृतीयांश बायकांचा आजार सुधारतो, एक तृतीयांशांचा तसाच राहतो आणि उरलेल्यांचा आणखी बिघडतो. म्हणजे तीनांपैकी दोघींचं गरोदरपण त्रासातच जातं.

बरं वाटतंय म्हणजे आतडं बरं आहे, असं धरून चालू नका. प्रयत्नांच्या आधी शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी (आतड्यातली सूज दाखवणारी) किंवा गरज असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्या. त्याच भेटीत हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासा. रुबेला आणि कांजिण्यांची प्रतिकारशक्ती आहे का तेही बघा. या दोन्ही लसी जिवंत विषाणूंच्या असल्यामुळे गरोदरपणात देता येत नाहीत, आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना सहसा आधीही नाही. सिगारेट ओढत असाल तर ती इथेच सुटायला हवी, क्रोन्सला तर ती फार बाधते.

बाळासाठी औषधं बंद करणंच सुरक्षित नाही का?

नाही, आणि या पानावरचं दुसरं काहीही वाचलं नाही तरी चालेल, एवढं वाचा.

औषधांची भीती निराधार नाही. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइड नावाची गोळी झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी सर्रास दिली गेली आणि हजारो बाळं अधू हातपाय घेऊन जन्मली. तेव्हापासून गरोदर बाई आणि औषध हे शब्द एकत्र आले की सगळेच बिचकतात, डॉक्टरसुद्धा. पण औषध न घेण्यालाही धोका असतो, आणि आयबीडीत तो बहुधा जास्त असतो. आतड्यात सूज पेटलेली असेल तर गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, बाळाचं कमी वजन आणि आईच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होणं, या सगळ्याची शक्यता वाढते.

अमेरिकेत ‘पियानो’ या नावाने २००७ पासून आयबीडी असलेल्या गर्भवतींची नोंद ठेवली गेली. जवळपास दीड हजार गरोदरपणांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बायोलॉजिक इंजेक्शनं (प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांची औषधं) किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अ‍ॅझाथायोप्रिनच्या गटातल्या गोळ्या घेतलेल्या आयांमध्ये बाळाचे जन्मजात दोष, गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढलेली दिसली नाही. पहिल्या वर्षातले बाळाचे जंतुसंसर्गही वाढलेले नव्हते. गर्भपाताचा धोका वाढलेला दिसला तो आजार भडकलेला असणाऱ्यांमध्ये.

म्हणून घरात कोणी कितीही मायेने ‘नऊ महिने सोसून घे’ म्हटलं, तरी हे दुखणं अंगावर काढण्यातलं नाही. तुमच्याबरोबर ते बाळालाही सोसावं लागतं. एखादी गोळी थांबवायचीच असेल, तर तो निर्णय आधी डॉक्टरांच्या टेबलावर होऊ द्या.

मग कोणती औषधं चालतात आणि कोणती नाहीत?

मेसालामिन चालतं, गोळी असो, एनिमा असो वा सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी). मात्र काही जुन्या गोळ्यांच्या आवरणात डायब्युटिल थॅलेट हा पदार्थ असायचा. तो नसलेला ब्रँड घ्यावा आणि त्यासाठी वेष्टनावरचं बारीक अक्षर केमिस्टकडून वाचून घ्यायला लाजू नये. सल्फासालाझिनही चालतं, पण ते फॉलिक अ‍ॅसिडचं शोषण अडवतं. त्यामुळे एरवी पुरणारे ४०० मायक्रोग्रॅम इथे पुरत नाहीत, रोज २ मिलिग्रॅम लागतं. मणक्याच्या जन्मजात दोषांपासून बचाव दिवस राहण्याआधीच सुरू व्हावा लागतो, म्हणून फॉलिक अ‍ॅसिड प्रयत्नांच्या आधीपासूनच घ्यायचं.

अ‍ॅझाथायोप्रिन आणि मर्कॅप्टोप्युरिन आधीपासून लागू पडत असतील तर चालू ठेवतात. गरोदरपणात नव्याने मात्र सुरू करत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत स्वादुपिंडाला सूज येणं किंवा पांढऱ्या पेशी घटणं असे त्रास होऊ शकतात आणि औषधाचा गुण दिसायला महिने लागतात. ही गोळी चालू असताना तळहात-तळपायांना खाज सुटली तर लगेच सांगा, लिव्हरची तपासणी करावी लागते.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब, सर्टोलिझुमॅब, व्हेडोलिझुमॅब आणि उस्टेकिनुमॅब ही बायोलॉजिक इंजेक्शनं चालू ठेवतात. त्यांच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

स्टिरॉइड हे आग विझवण्यासाठी आहे, रोजच्या आधारासाठी नाही. फ्लेअर आला, म्हणजे आजार उफाळला, तर ते देतातच आणि द्यायलाही हवं, पण लांबलं तर गरोदरपणातला मधुमेह आणि जंतुसंसर्ग मागे लागतात. फाटलेल्या ओठाचा जो धोका पूर्वी सांगितला जायचा, तो नंतरच्या मोठ्या अभ्यासांत फारसा टिकला नाही.

आता नको असलेली. मेथोट्रेक्सेट अजिबात नाही, प्रयत्नांच्या किमान तीन महिने आधी ते थांबलेलं हवं. थॅलिडोमाइड अर्थातच नाही. हट्टी क्रोन्सवर ते आजही कधीकधी दिलं जातं, म्हणून नाव घ्यावं लागतं. नव्या गोळ्यांपैकी टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब आणि ओझानिमॉड टाळतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्यांनी गर्भाला अपाय झालेला दिसला आहे आणि माणसांतला अनुभव अजून थोडा आहे. पहिल्या दोन किमान चार आठवडे आधी थांबवतात, ओझानिमॉड तीन महिने. पण नुसतं थांबवून भागत नाही. त्या जागी दुसरं औषध सुरू करून आजार शांत राहतो का ते बघायला वेळ लागतो, म्हणून हा विषय वर्षभर आधी काढलेला बरा.

मेथोट्रेक्सेट चालू असतानाच दिवस राहिले. आता?

पुढचा डोस घेऊ नका आणि आजच डॉक्टरांना फोन करा. फॉलिक अ‍ॅसिडचा वाढीव डोस सुरू होईल आणि गर्भवैद्यक तज्ज्ञांकडून बारकाईने सोनोग्राफी करून घ्यावी लागेल. धोका खरा आहे, पण दोष प्रत्येक बाळात येतोच असं नाही. तपासणी आणि समुपदेशन होण्याआधी घाबरून कोणताही निर्णय घेऊ नका.

बायोलॉजिक वारेतून बाळाकडे जातं असं वाचलं. तरीही घ्यायचं?

बरोबर वाचलंत. ही औषधं म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली प्रतिपिंडं. आईची प्रतिपिंडं बाळापर्यंत पोचवण्याची वारेची जी सोय आहे, तिच्यातूनच तीही जातात. पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळाचे अवयव घडत असताना, हे वहन अगदी नगण्य असतं. शेवटच्या तीन महिन्यांत ते खूप वाढतं, इतकं की इन्फ्लिक्सिमॅबची पातळी जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात आईपेक्षाही जास्त सापडते. सर्टोलिझुमॅबची रचना वेगळी असल्यामुळे ते जवळजवळ पलीकडे जात नाही.

याच कारणाने काही वर्षांपूर्वी शेवटच्या तिमाहीत इंजेक्शन थांबवायचा सल्ला दिला जायचा, आणि जुने लेख वाचलेत तर अजूनही तोच सापडेल. त्यानंतर माहिती साचत गेली. बाळांना त्याचा अपाय दिसला नाही, उलट आजार ऐन बाळंतपणाच्या तोंडावर उफाळण्याची भीती होती. २०२५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन ज्या शिफारशी केल्या, त्यात बायोलॉजिक पूर्ण गरोदरपणभर चालू ठेवावं असंच म्हटलं आहे. एक बारकावा: इन्फ्लिक्सिमॅबचा डोस वजनावर ठरतो, पण गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी आपोआप वाढते. म्हणून वाढत्या वजनाप्रमाणे डोस वाढवण्याऐवजी बहुधा आधीचंच वजन धरतात.

मग बाळाच्या लसींचं काय?

निष्क्रिय लसी सगळ्या वेळच्या वेळी द्यायच्या. अडचण जिवंत लसींची, आणि त्यातही बीसीजीची, म्हणजे क्षयरोगाच्या लसीची. आई इन्फ्लिक्सिमॅब घेत होती अशा एका बाळाला बीसीजी दिल्यावर तो जंतू शरीरभर पसरला आणि ते बाळ साडेचार महिन्यांचं असताना दगावलं. २०१० मध्ये ही घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली. अशा बाळांना बीसीजी किमान सहा महिने पुढे ढकलतात. इन्फ्लिक्सिमॅब बाळाच्या शरीरात वर्षापर्यंत रेंगाळू शकतं, म्हणून काही डॉक्टर वर्षभरही थांबतात. रोटाव्हायरसची तोंडावाटे दिली जाणारी लसही पूर्वी टाळली जायची. नव्या शिफारशींनुसार ती देता येते.

जिथे बीसीजी जन्मल्याबरोबर टोचतात, तिथे ही गोष्ट फार घाईत घडून जाते. तुम्ही अजून टेबलावर असता आणि बाळाला इंजेक्शन दिलेलंही असतं. बालरोगतज्ज्ञांना प्रसूतीच्या आधीच भेटा, आणि ‘आईला बायोलॉजिक चालू, बीसीजी देऊ नये’ हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

फ्लेअर आलाय की गरोदरपणाचा त्रास आहे, हे कसं ओळखायचं?

अवघड आहे खरं. मळमळ, पोटात गुबारा, थकवा दोन्हीकडे असतो. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं. शौचाला लागून लाल रक्त पडलं तर मूळव्याधही असू शकते, ती गरोदरपणात होतेच. पण वारंवार पातळ होणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, शौचात रक्त आणि आव मिसळलेली असणं, ताप, वजन न वाढणं, यातलं काही असेल तर आजाराचाच संशय घ्यायचा.

रक्ताच्या तपासण्या या काळात फसवतात. हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) गरोदरपणानेच खाली येतं, सूज दाखवणारा ईएसआर वाढतो. कॅल्प्रोटेक्टिन मात्र बऱ्यापैकी भरवशाचं राहतं. शौचात जंतूही तपासायला हवेत, विशेषतः क्लोस्ट्रिडियम डिफिसिल. तो हुबेहूब फ्लेअरसारखा त्रास देतो आणि त्यावरचे उपचार वेगळे असतात.

दुर्बिणीची तपासणी किंवा स्कॅन करता येतो का?

सोनोग्राफी बिनधास्त. एमआरआयही चालतो, फक्त गॅडोलिनियमचं इंजेक्शन टाळून. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग बघणारी सिग्मॉइडोस्कोपी भूल न देता, डाव्या कुशीवर झोपवून कोणत्याही महिन्यात होते. पूर्ण कोलोनोस्कोपी खरंच गरज असेल तरच, आणि जमल्यास मधल्या तिमाहीत. सीटी स्कॅन जिवावर बेतलं असेल तेव्हा.

फ्लेअर आलाच तर उपचार होतात का?

होतात, आणि लवकर व्हायला हवेत. स्टिरॉइड देतात, बायोलॉजिक नव्यानेही सुरू करता येतं. हॉस्पिटलात दाखल व्हावं लागलं तर पोटात हेपारिनची इंजेक्शनं दिली जातील. शौचातून रक्त जात असताना रक्त पातळ करणारं औषध कशासाठी, असा प्रश्न पडतो. गरोदरपण आणि भडकलेली आयबीडी दोन्ही रक्ताच्या गुठळ्यांना आमंत्रण देतात, आणि गुठळी फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. हेपारिन वार ओलांडत नाही.

आतडं फुटलं, पूर्ण अडलं किंवा रक्तस्राव थांबेना, तर ऑपरेशन करतात. मधली तिमाही त्यातल्या त्यात सोयीची, पण अशा वेळी तिमाही बघत थांबायचं नसतं.

रात्र असो, सुट्टी असो, पुढील गोष्टींत थेट हॉस्पिटल गाठा: दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, ताप, पोट फुगून वारा-शौच बंद होणं, एका पायाला सूज येऊन दुखणं, अचानक दम लागणं, बाळाची हालचाल कमी वाटणं.

खाण्यापिण्याचं काही पथ्य?

आयबीडीसाठी म्हणून वेगळा गरोदर आहार नाही. जे सोसतं ते पोटभर खा. बाळाच्या भल्यासाठी एकेक पदार्थ सोडत जाणाऱ्या बायकांचं वजन वाढत नाही आणि तीच मोठी काळजी असते. आतडं अरुंद झालेलं असेल तर चोथ्याच्या पदार्थांबद्दल डॉक्टरांना विचारा. लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला असेल तर बी-१२ची इंजेक्शनं चुकवू नका. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर पहिले तीन महिने उलटल्यावर ते शिरेतून देता येतं.

माझ्या पोटावर स्टोमाची पिशवी आहे.

पोट वाढतं तसा स्टोमाचा, म्हणजे शौच बाहेर पडण्यासाठी पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाचा, आकार बदलतो, तो रुंद होतो, कधी जास्त बाहेर येतो. पिशवीच्या चकतीचं भोक दर काही आठवड्यांनी नव्याने मोजून कापावं लागतं, नाहीतर कातडी सोलवटते. पुढे पुढे स्टोमा स्वतःला दिसेनासा होतो, तेव्हा आरसा वापरा. पिशवी अचानक रिकामी राहायला लागली आणि पोटात कळा आल्या, तर आतडं अडलं असण्याची शक्यता आहे. लगेच दाखवा. स्टोमा असूनही नैसर्गिक प्रसूती होते.

नॉर्मल की सिझेरियन?

नुसती आयबीडी आहे म्हणून सिझेरियन करायचं कारण नाही. गुदद्वाराभोवती क्रोन्सचा सक्रिय आजार असेल, म्हणजे वाहणारं भगंदर, गळू किंवा योनीमार्गापर्यंत गेलेलं भगंदर, तर मात्र सिझेरियनच. तिथे फाटलं किंवा टाके पडले तर जखम भरत नाही. पूर्वी भगंदर होतं आणि आता पूर्ण भरलंय, तर नॉर्मलचा विचार होऊ शकतो. पाऊच असेल तर गुदद्वाराच्या स्नायूंना धक्का बसू नये म्हणून बरेच सर्जन सिझेरियनकडे झुकतात. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटाचे सर्जन दोघांनी मिळून घ्यावा. आठव्या महिन्यात चर्चा झालेली असली की कळा सुरू झाल्यावर गोंधळ होत नाही.

अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिली आहे. आयबीडीत चालते?

चालते. गरोदरपणातला रक्तदाबाचा गंभीर विकार टाळण्यासाठी ती बाराव्या ते सोळाव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू करतात आणि एवढ्या कमी डोसने आजार भडकत नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांची गोष्ट वेगळी, ती टाळा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल घ्या. बाळंतपणानंतर वॉर्डात वेदनाशामक म्हणून डायक्लोफेनॅक सवयीनेच लिहिलं जातं, तेव्हा आधीच सांगून ठेवा.

औषधं चालू असताना बाळाला अंगावर पाजू का?

पाजा. मेसालामिन, अ‍ॅझाथायोप्रिन, स्टिरॉइड, बायोलॉजिक, सगळी चालतात. दुधात उतरणारं प्रमाण फार थोडं असतं, आणि बायोलॉजिक हे प्रथिन असल्यामुळे बाळाच्या पोटात पचूनच जातं. स्टिरॉइडचा डोस जास्त असेल तर गोळीनंतर चार तास थांबून पाजावं असं काही डॉक्टर सुचवतात. मेथोट्रेक्सेट, टोफासिटिनिब, उपाडासिटिनिब आणि ओझानिमॉड चालू असताना मात्र पाजायचं नाही.

बाळंतपणानंतर आजार बळावतो का?

बळावू शकतो, अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये जास्त. त्याचं एक मोठं कारण पुन्हा तेच: बाळाच्या धावपळीत आईची औषधं मागे पडतात. बायोलॉजिकचा पुढचा डोस नॉर्मल प्रसूतीनंतर चोवीस तासांनी आणि सिझेरियननंतर अठ्ठेचाळीस तासांनी देता येतो, जंतुसंसर्ग नसला की झालं. सिझेरियन झालं असेल तर गुठळ्या टाळण्यासाठी हेपारिन काही दिवस ते काही आठवडे चालू ठेवावं लागू शकतं.

बाळालाही हा आजार होईल?

बहुधा नाही. एका पालकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असेल तर शक्यता सुमारे २ टक्के, क्रोन्स असेल तर ५ टक्क्यांच्या आसपास. दोघांनाही आयबीडी असेल तर ती ३० टक्क्यांच्या पुढे जाते.

दुसरं मूल लगेच नको आहे. गर्भनिरोधक कोणतं?

तांबी किंवा हार्मोनची तांबी, हातात बसवायचं इम्प्लांट, यातलं काहीही. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळ्यांचा धोका वाढतो, म्हणून आजार सक्रिय असताना किंवा पूर्वी गुठळी झाली असेल तर त्या नकोत. लहान आतड्याचा मोठा भाग काढला असेल किंवा जुलाब चालू असतील, तर कोणतीच गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते. तांबीचं बोलणं प्रसूतीच्या आधीच करून ठेवलं, तर ती बाळंतपण झाल्याबरोबरही बसवता येते.